पासवर्ड कोणाच्या खिशात?

बिमचं कौतुक ऐकून ऐकून कान किटलेत. बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. नुसतं थ्री-डी चित्र नव्हे, तर प्रत्येक भिंतीची, पाइपाची, पंपाची माहिती बाळगणारं मॉडेल. तंत्र झकासच आहे, वादच नाही. माझं भांडण आहे ते टेंडरात घुसडलेल्या "काम बिम पद्धतीने करावे" या एका ओळीशी.

आपल्या धंद्यात "सिस्टिम यूजर-फ्रेंडली असावी" लिहितात ना, तसलीच ही ओळ. लिहिणाऱ्याने विचार करायला नको, आणि करणारा काहीही देऊन मोकळा!

ब्रिटनचंच बघा. २०१६ पर्यंत सरकारी बांधकामांत बिम सक्तीचं होणार, हे तिथल्या सरकारने २०११ मध्येच जाहीर केलं. २०१३ मध्ये कराराला जोडायचा तयार प्रोटोकॉलही आला. आणि २०१७ मध्ये काय झालं? फॉकलंड बेटांवर लष्करी तळासाठी वीजकेंद्र बांधायचं होतं. कंत्राटदार ट्रँट, डिझाइन मॉट मॅकडोनाल्डकडे. पैशांवरून वाजलं आणि मॉटने ट्रँटचे पासवर्डच बंद केले! सगळा डिझाइन डेटा त्यांच्या ताब्यातल्या सर्व्हरवर. ट्रँटला लंडनच्या कोर्टात जाऊन अंतरिम आदेश आणावा लागला, तेव्हा कुठे दार उघडलं.

यात मॉटला खलनायक करण्यात अर्थ नाही. बिल थकलंय असं वाटलं की हातातलं हत्यार कोणीही वापरेल. प्रश्न हा, की ते हत्यार एकाच पार्टीच्या हातात गेलंच का? सर्व्हर कोणाचा, भांडणातही अ‍ॅक्सेस चालू राहणार का, प्रत्येक टप्प्याला मालकाकडे आयएफसीसारख्या खुल्या फॉरमॅटमध्ये प्रत जाणार का, हे करारात हवं. पैशाचं भांडण पैशाच्या कलमांनी सोडवा, पासवर्डने नको.

"करार जाड होईल, खर्च वाढेल," म्हणणारे भेटतातच. मग कमी मागा ना! इमारत चालवताना फक्त लिफ्ट नि पंपांची यादी लागणार असेल, तर तेवढीच मागा. प्रत्येक स्क्रूचं मॉडेल कशाला हवंय?

आणि नुसता "आयएसओ १९६५० प्रमाणे" असा आकडा टाकूनही सुटका नाही. ते मानक आधी मालकालाच कामाला लावतं: कुठली माहिती, कशासाठी, कधी हवी ते तू लिही. माझी पैज आहे, हा कागद बहुतेक ठिकाणी मागच्या प्रोजेक्टवरून कॉपी-पेस्ट केलेला असतो... कधीकधी जुन्या प्रोजेक्टच्या नावासकट.