दोष केवळ सुनेचाच का?

विवाहास चार-पाच वर्षे लोटूनही घरात पाळणा हलला नाही, की गाव सुनेकडे बोट दाखविते. नवस होतात, उपास होतात, क्वचित मुलाच्या दुसऱ्या विवाहाची बोलणीही सुरू होतात. पतीची तपासणी मात्र कोणाच्या मनात येत नाही. ही रीत अन्यायाची तर आहेच, शिवाय शास्त्रालाही धरून नाही. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोषही कारणीभूत असतो.

या दोषाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी विषारी धातूंचे कारण आपणांस टाळता येण्याजोगे आहे. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घरी फोडून शिसे वितळविल्यास त्याची धूळ व धूर श्वासावाटे शरीरात जातो. शिसे शरीरात वाढले म्हणजे शुक्राणूंची संख्या व चपळता घटते. ते हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. कॅडमियम हा धातूही असाच घातक आहे. तंबाखूचे झाड तो जमिनीतून शोषून पानांत साठविते व विडीच्या धुरातून तो शरीरात उतरतो.

म्हणून शेतकरी बंधूंनी जुनी बॅटरी घरी न फोडता विक्रेत्यास परत द्यावी. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा शिशाचे काम सोडल्यावरही धीर धरावा लागेल.

ग्रामकार्यकर्त्यांनी अशा घरी जाऊन पती-पत्नी दोघांच्याही तपासणीचा आग्रह धरावा. वीर्यतपासणीत कमीपणा नाही. ती टाळून पत्नीस दोष देण्यात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.