व्हिडिओ खरा, पत्ता खोटा

वृत्तवाहिनीवर चुकीचा व्हिडिओ चालतो. दिवसभर तोच तोच फिरवला जातो. मग कुणीतरी चूक दाखवून देतं आणि वाहिनी गुपचूप क्लिप काढून टाकते. फार झालं तर एका ओळीचा खेद. वाहिनीच्या लेखी विषय संपला. पण त्या क्लिपमध्ये ज्याचा चेहरा, ज्याची टोपी, ज्याची वस्ती दिसली, त्याचा त्रास तिथून सुरू होतो.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या चार दिवसांत साऱ्या देशाने हे पाहिलं. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या वाहिन्यांवर रात्रभर चालल्या आणि सकाळी बंदर जागेवरच होतं. आपण पालघर जिल्ह्यातले लोक मात्र हा धडा त्याआधी पाच वर्षं शिकलो आहोत, तोही फार मोठी किंमत मोजून.

गडचिंचले आणि दोन शब्द

मनोरहून महामार्गाने चारोटी, तिथून कासा आणि पुढे दादरा-नगर हवेलीच्या हद्दीकडे गेलं की डहाणू तालुक्यातलं गडचिंचले लागतं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री तिथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाच्या हातून मारले गेले. लॉकडाऊन होता. मुलं पळवणारे, चोर फिरताहेत अशा अफवा कित्येक दिवस गावोगावच्या मोबाईलवर येत होत्या. पोलिसांसमोर तीन निष्पाप माणसांचा जीव गेला. या गुन्ह्याला कुठलीही सबब नाही आणि असूही नये.

तीन दिवसांनी त्या रात्रीचे व्हिडिओ देशभर पसरले. ते अगदी खरे होते. पण एका क्लिपमधला 'ओये बस' हा आवाज समाजमाध्यमांवर 'शोएब, बस' असा ऐकवला गेला. दोन साध्या शब्दांचं एक मुस्लिम नाव झालं, आणि आदिवासी पट्ट्यातल्या अफवेच्या बळीची कहाणी बघता बघता हिंदू-मुसलमान झाली. तथ्य पडताळणाऱ्या संकेतस्थळांनी खरा आवाज दाखवून दिला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी घटनेला धार्मिक रंग नसल्याचं सांगितलं. २२ एप्रिलला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतल्या १०१ जणांमध्ये एकही मुस्लिम नसल्याचं जाहीर केलं.

तरीही पालघर म्हटलं की दूरच्या माणसाच्या मनात अजून ते नाव वाजतं. खुलासा खरा होता, पण तो क्लिपच्या मागून चालत आला. क्लिप तोपर्यंत घराघरात जाऊन बसली होती.

बनवायची गरजच नसते

खोटी बातमी म्हटलं की आपल्याला वाटतं कुणीतरी संगणकावर बनवलेलं बनावट चित्र. बहुतेक वेळा तसं नसतं. व्हिडिओ खरा असतो, त्याचा पत्ता खोटा असतो. जागा बदला, तारीख बदला, आवाजावर चुकीची ओळ लिहा, झालं.

महाराष्ट्राने याची किंमत २०१८ मध्येही मोजली. त्या वर्षी मुलं पळवण्याच्या अफवांसोबत एक क्लिप फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि संदेश दाखवतात. तो शेवट कापून टाकला गेला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केलं.

मोबाईलवर जे होतं तेच वाहिनीच्या न्यूजरूममध्ये होतं, फक्त तिथे त्यावर लोगो बसतो. बातमीदाराला घटनास्थळी पाठवायला पैसा आणि वेळ लागतो. समाजमाध्यमांवरची क्लिप मात्र फुकट आणि लगेच मिळते. शेजारच्या वाहिनीने ती चालवली की थांबणं म्हणजे टीआरपी गमावणं. क्लिप कुणी काढली, कधी काढली, हे विचारणारा माणूस त्या घाईत कुणालाच नको असतो. 'सूत्रांच्या माहितीनुसार' ही ओळ टाकली की जबाबदारीही अंगावरून झटकली जाते. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानच्या पंजशीर खोऱ्यातला पाकिस्तानी हल्ला म्हणून आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी चक्क 'आर्मा-३' या व्हिडिओ गेममधली दृश्यं दाखवली. पुढच्या वर्षी तो गेम बनवणाऱ्या चेक कंपनीलाच, आमचा गेम आणि खरं युद्ध यांत फरक कसा ओळखावा, हे जगाला समजावून सांगावं लागलं.

चूक नेहमी एकाच बाजूला का पडते?

घाईत चूक होते, हे मान्य. पण निव्वळ घाईतल्या चुका चारी दिशांना पडायला हव्यात. आम्ही पाहतो ते वेगळं आहे.

एप्रिल २०२० मध्ये तबलिगी जमातच्या नावाने काय काय दाखवलं गेलं ते आठवा. ताटं चाटून स्वच्छ करणाऱ्या बोहरा बांधवांचा जुना व्हिडिओ कोरोना पसरवण्याचा कट म्हणून फिरला. अन्नाचा एक कणही वाया जाऊ नये, ही त्यांची रीत. सहारनपूरमध्ये जमातींनी मांसाहारासाठी गोंधळ घातल्याची बातमी आली. तिथल्या पोलिसांनी तपास करून ती खोटी असल्याचं सांगितलं. कोरोनाच्या कुठल्याही बातमीला टोपी-दाढीचा संग्रहित फोटो लावायची पद्धतच पडली होती. त्या दिवसांत फळवाल्यांना नाव विचारून वस्तीतून परत पाठवलं जात होतं, हे विसरता येत नाही.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं निरीक्षणही नोंदवलं. जून २०२१ मध्ये वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने जमातच्या वार्तांकनाबद्दल न्यूज१८ कन्नडला १ लाख रुपये दंड केला. कार्यक्रम एप्रिल २०२० चा, दंड चौदा महिन्यांनी. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये म्हटलं की १ लाखाच्या दंडाची वाहिन्यांना भीती वाटण्यासारखं त्यात काही नाही.

जुलै २०२३ मध्ये मणिपूरच्या दोन महिलांवरील अत्याचाराचा व्हिडिओ समोर आला तेव्हा एएनआय या वृत्तसंस्थेने एका मुस्लिम नावाच्या माणसाची अटक त्या प्रकरणाशी जोडली. ती अटक पूर्णपणे वेगळ्या प्रकरणातली होती. पोलिसांचं ट्वीट चुकीचं वाचल्याचं सांगून संस्थेने खेद व्यक्त केला. तोवर ते नाव देशभर गेलं होतं.

आणि मे २०२५. पूंछमध्ये ७ मे रोजी पाकिस्तानी तोफमाऱ्यात जामिया जिया-उल-उलूम या मदरशातले एक मुअल्लिम शहीद झाले. काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून ठार झालेला दहशतवादी म्हणून बातमी चालवली. पूंछ पोलिसांना दुसऱ्या दिवशी निवेदन काढून खंडन करावं लागलं. प्रकरण पुढे न्यायालयात गेलं. शत्रूच्या गोळ्याने आपला एक भारतीय शिक्षक मारला आणि आपल्याच पडद्यांनी त्याला शत्रू ठरवलं. मय्यत घरात असताना त्या घरच्यांनी हे टीव्हीवर पाहायचं? शिकवण्याच्या पेशातल्या आम्हाला ही बातमी फार जड गेली.

या साऱ्या चुका एकाच बाजूला पडतात, कारण पडताळणी कधी करायची हे संशय ठरवतो. जे आधीच खरं वाटतं, ते कुणी तपासत नाही. दाढीवाला फोटो आणि 'दहशतवादी' ही ओळ एकत्र आली, तर डेस्कवरच्या माणसाला काही खटकतच नाही. चुकीचं मूळ घाईत आहे तितकंच या न खटकण्यात आहे.

आरसा आपल्याकडेही

इथे एक गोष्ट आपल्या लोकांनाही सांगायला हवी. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्रिपुरात मुस्लिमांवर हल्ले झाले, ते खरं. पण त्यासोबत दुसरीकडचे, जुने व्हिडिओ आणि फोटोही त्रिपुराच्या नावाने आपल्या ग्रुपवर फिरले. १२ नोव्हेंबरला अमरावती, मालेगाव, नांदेडमध्ये मोर्चांना हिंसक वळण लागलं. दुसऱ्या दिवशी अमरावतीत बंददरम्यान पुन्हा हिंसा झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. पोरं तुरुंगात गेली, दुकानं जळाली. खोट्या पत्त्याचा एक व्हिडिओ खऱ्या अन्यायाची शंभर पुराव्यांची बाजू कमकुवत करतो. समोरचा तो एकच खोटा दाखवतो आणि बाकी सगळंही खोटंच म्हणतो.

सूरह हुजुरातमध्ये खबर आली की आधी तहकीक करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशा अर्थाची ताकीद आहे. हा हुकूम वाहिनीवाल्यांना ऐकवण्याआधी आपल्याला लागू होतो.

मग करायचं काय?

पहिलं, रागावून टीव्ही बंद करू नका. वाहिनीचं नाव, कार्यक्रम, तारीख, वेळ लिहून ठेवा, मोबाईलवर ते दृश्य टिपून ठेवा. क्लिप नंतर काढून टाकली जाते, मग हातात काही उरत नाही.

दुसरं, तक्रार लेखी आणि वेळेत करा. पहिली तक्रार वाहिनीकडेच जाते. वाहिनी न्यूज ब्रॉडकास्टर्स अँड डिजिटल असोसिएशनची सदस्य असेल तर तक्रार प्रसारणापासून ७ दिवसांत करावी आणि उत्तराने समाधान झालं नाही तर त्यांच्या एनबीडीएसए या प्राधिकरणाकडे जावं. केबल टेलिव्हिजन कायदा १९९५ चा. त्याखालच्या कार्यक्रम संहितेत धर्म वा समुदायावर हल्ला करणारं, जातीय भावना भडकवणारं आणि जाणूनबुजून खोटं, अर्धसत्य दाखवायला मनाई आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा देखरेख समितीची तरतूदही आहे. आपल्यापैकी किती जणांनी पालघरच्या कार्यालयात या समितीबद्दल विचारलं आहे?

तिसरं, मुलांना शिकवा. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहारपासून कुठकुठले लोक राहतात, त्यांच्या गावाकडची प्रत्येक क्लिप इथे काही मिनिटांत पोचते. आठवी-नववीच्या मुलाला चार प्रश्न विचारायची सवय लावता येते: दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत? गाडीची नंबरप्लेट कुठली? माणसांच्या अंगावरचे कपडे त्या ऋतूचे आहेत का? हाच व्हिडिओ आधी कुठे आला होता का? शेवटच्या प्रश्नासाठी व्हिडिओतलं एक चित्र गुगलवर टाकून शोधायला दोन मिनिटं लागतात. जुम्म्याच्या बयानात इमामसाहेबांनी याच्यावर पाच मिनिटं दिली तर आमचं वर्गातलं कामही सोपं होईल.

वाहिन्यांकडून आमची मागणी साधी आहे. चूक जितक्या मोठ्या आवाजात, ज्या वेळी आणि जितक्या वेळा दाखवली, दुरुस्तीही तितक्याच आवाजात, त्याच वेळी आणि तितक्याच वेळा दाखवा. एवढं करायची वेळ आली तर क्लिप चालवण्याआधी तिचा पत्ता विचारायचं त्यांना आपोआप सुचेल.