कुत्रा चावला की फक्त रेबीजच का आठवतो?

मोकाट कुत्र्यांवरून आपल्या संभाजीनगरात दोन पक्ष कायम भांडायला तयार असतात. एक म्हणतो उचला, दुसरा म्हणतो खाऊ घाला. २०२५ मध्ये तर हा वाद सर्वोच्च न्यायालयात गाजला. पण चावलेल्या माणसाच्या जखमेत नेमकं काय शिरलं, हे कुणीच विचारत नाही.

रेबीज हा विषाणू, आणि जीवघेणा. त्यामुळे जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुणं आणि लसीचे सगळे डोस घेणं, यात तडजोड नाही. मिरची-चुना लावणं तर बंदच करा. पण कुत्र्या-मांजरांच्या तोंडात जिवाणूही असतात, आणि रेबीजची लस त्यांचं काहीच बिघडवत नाही.

त्यातला पाश्चुरेला आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. पावसाळ्याआधी गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचतात ना? तो घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडामुळेच होतो. त्याचेच भाऊबंद कुत्र्या-मांजरांच्या तोंडात राहतात. चाव्यातून आत गेले की बऱ्याचदा चोवीस तासांच्या आत जखम सुजते, ठणकते. दुसरा कॅप्नोसायटोफागा. त्याचा संसर्ग क्वचित होतो, पण प्लीहा काढलेल्या किंवा दारूने यकृत खराब झालेल्या माणसाच्या रक्तात शिरला तर जीव घेऊ शकतो.

आता हे ओळखायचे कसे? पाश्चुरेला नेहमीच्या मॅकॉन्की आगरवर सहसा वाढत नाही, त्याला ब्लड आगर लागतं. कॅप्नोसायटोफागा इतका सावकाश वाढतो की दोन दिवसांत प्लेट टाकून दिली तर रिपोर्ट 'काही वाढलं नाही' असाच येणार. म्हणून तपासणीच्या कागदावर 'कुत्रा चावला' हे दोन शब्द हवेतच. अंदाजाने औषध दिलं तर फसगत होते. एरिथ्रोमायसिन पाश्चुरेलावर बऱ्याचदा चालत नाही.

यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प नको. घाटीत सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे, परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नसबंदीसाठी कुत्र्यांना भूल देतातच. तेव्हाच हिरड्यांवरून स्वॅब घ्या. पिकलेल्या चाव्यांचा पू त्याच्याशी ताडून पाहा. आपल्या शहरात कोणते जिवाणू आहेत, कोणतं औषध त्यांच्यावर चालतं, हे मनपाने दरवर्षी जाहीर करावं.

कुत्री ठेवायची की हटवायची, हे भांडण चालू द्या. तोवर घरात कुणाला चावलं आणि जखम पिकली, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: पू तपासायला पाठवताय ना? आणि कागदावर प्राणी लिहिलाय ना?