न दिलेले न घेता खुराडा

भगिनींनो, अमरावती मार्गावरील आपली वाडी म्हणजे ट्रान्सपोर्टची, गोदामांची वस्ती. माल उतरला की मोडक्या पेट्या, फळ्या मागे पडून राहतात. पाच कोंबड्यांचा खुराडा त्यातूनच होतो. कर्ज काढायला नको. मात्र गोदामवाल्याला विचारूनच फळी उचलावी. न दिलेले घेणार नाही, हे आपले दुसरे शील आहे.

रसायनाचा वास येणारी पेटी घेऊ नये. सिमेंटचे जुने पत्रे कापू नयेत. त्यांतील अ‍ॅसबेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते.

खुराडा चार फूट लांब, तीन फूट रुंद पुरे. जमिनीपासून दोन फूट उंच ठेवावा. लांबी पूर्व-पश्चिम असली म्हणजे ऊन आत कमी शिरते. वारा खेळता हवा, पण जाळीची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नकोत. मुंगूस आणि साप तेथूनच येतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा टिनावर ओली पोती टाकावीत. मानमोडीची लस टोचून घेण्यासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

अंडी आधी लेकरांच्या ताटात, उरलेली विक्रीला. तो पैसा घरच्या बाईच्याच हाती राहावा. २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली होती. आपल्या घराचे मोजमापही आपण तसेच करू या.

जयभीम!