पेरणीवाचूनची काढणी

गेल्या महिन्यात रानातील औषधी वनस्पतींविषयीच्या एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत असता एका अगदी साध्या शब्दाने मला अडवून धरले. शेतातला गहू काढणे आणि अरण्यातले झाड तोडून नेणे, ह्या दोहोंना इंग्रजीत एकच शब्द चालतो. मराठीत तो बसेना. आपल्याकडे काढणी म्हटली की तिच्यामागे नांगरणी, पेरणी, निंदणी हे सारे आलेच. ज्याने काही पेरलेच नाही त्याने ‘काढणी’ केली असे लिहिताना लेखणी अडखळली.

तो लेख नरक्या ह्या झाडाविषयी होता. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारे हे लहानसे झाड. पावसाळ्यात ते फुलते, पण त्याचा वास असा की लोकांनी नावातच नरक घातला. पिकलेली फळे मात्र जांभळासारखी देखणी दिसतात. लाकूड इमारतीच्या कामाचे नाही, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या ह्या झाडाकडे व्यापाऱ्याने ढुंकून पाहिले नव्हते.

त्याचे दिवस पालटले ते दूरदेशीच्या एका शोधामुळे. चीनमध्ये एक वृक्ष आहे. तिकडचे लोक त्याला आनंदाचे झाड म्हणतात. त्या वृक्षातून १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल व मनसुख वाणी ह्या दोघा शास्त्रज्ञांनी कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे केले. ह्यांतील वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे. पेशी वाढताना तिच्यातील डीएनएचा पीळ उलगडणारे एक प्रथिन असते. त्याचेच काम हे द्रव्य रोखते आणि भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी मरते. पुढे १९७२ मध्ये मुंबईत संशोधन करणारे टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन ह्यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात आढळले, आणि तेही चिनी वृक्षाहून पुष्कळ अधिक प्रमाणात! आनंदाच्या झाडाने जे हात राखून दिले ते नरकाच्या झाडाने सढळपणे दिले, असा हा योग.

मूळ द्रव्य रोग्याला झेपण्यासारखे नव्हते. ते सौम्य करून तयार केलेल्या दोन औषधांना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. एक अंडाशयाच्या कर्करोगावर, दुसरे मोठ्या आतड्याच्या. कित्येक रोग्यांचे आयुष्य त्यांनी वाढवले आहे, हे विसरून चालणार नाही. पण नरक्याच्या वाळलेल्या लाकडात हे द्रव्य सहसा शेकडा एक भागही भरत नाही. मग लाकूड टनांनी लागू लागले. कोल्हापूर आणि सिंधुदुर्गच्या घाटरानांत कुऱ्हाडी फिरल्या. मुळांतही द्रव्य भरपूर असल्याने झाडे नुसती तोडली नाहीत, तर खणून काढली गेली. तोडणाऱ्याच्या हाती पडली ती जळाऊ लाकडासारखी वजनावरची मजुरी. आपण काय तोडतो आहोत हे त्याला क्वचितच कोणी सांगितले असेल.

वाचकहो, ह्या लुटीतली खरी हानी डोळ्यांना दिसत नाही. नरक्याच्या झाडाझाडांत द्रव्याचे प्रमाण फार वेगवेगळे असते. एखाद्यात ते नावापुरते, तर शेजारच्यात कित्येक पटींनी अधिक. लागवड करायची तर ह्या दुसऱ्या झाडाचे बी हवे. परंतु सरसकट तोडीत ते झाड कोणते होते हे कळण्यापूर्वीच त्याचा भुगा होऊन जातो.

ह्याला उपाय नाहीत असे नाही. खोड जमिनीपासून काही उंचीवर कापले आणि मुळे शाबूत ठेवली तर बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. बियांपासून रोपेही करता येतात, मात्र त्यांना वाढायला वर्षे लागतात आणि बाजाराला तेवढा धीर नसतो. २००५ साली तर नरक्याच्या अंगात राहणारी एक बुरशी हेच द्रव्य बनवते असे शास्त्रज्ञांना आढळले. झाडाला हात न लावता औषध मिळेल अशी आशा वाटली. पण प्रयोगशाळेत अशा बुरश्या पिढ्यान् पिढ्या वाढवू लागले की त्यांची ती शक्ती ओसरत जाते. मला ह्या बुरशीचे मोठे नवल वाटते. झाडापासून तोडली की तीही काम विसरते!

जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. गावोगावच्या समित्यांनी आपल्या रानातील वनस्पतींची नोंदवही ठेवावी अशी त्यात सोय आहे. ही वही शहरातल्या माणसाला भरता येणार नाही. कोणत्या ओढ्याकाठी नरक्या उरला आहे आणि कुठला नाहीसा झाला, हे गुरे चारणाऱ्यांना आणि हिरडा वेचणाऱ्या बायकांनाच ठाऊक. तोडणाऱ्याच्या हाती कुऱ्हाड त्यांच्याच घरातून गेली असेल, तरी विचारायचे ते त्यांनाच.

अखेर माझ्या भाषांतरात जिथे जिथे ‘काढणी’ लिहिले होते तिथे मी ते खोडून ‘तोड’ केले. एका परिच्छेदात मात्र रोपे लावून वाढवलेल्या नरक्याचा उल्लेख होता. तिथे ‘काढणी’ तशीच राहू दिली.