जेवणाऱ्याला कोणी विचारले?



जिल्हा बैठकीसमोर कापसाचा भाव, वीज, पीक विमा असे विषय असताना संपादकीयात शाळेतल्या खिचडीचे काय काम, असे काही जण म्हणतील. म्हणू द्या. ती खिचडी आपलीच पोरे खातात. ज्यांना परवडते त्यांची पोरे पिवळ्या बसमध्ये बसून तालुक्याला जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर मांडी घालून ताटापुढे बसते ते कोरडवाहू शेतकऱ्याचे आणि शेतमजुराचे पोर.

तपासणीचा दिवस आपण सर्वांनी पाहिला आहे. साहेबांची जीप येते, त्या दिवशी वरण घट्ट असते, भाताबरोबर भाजीही दिसते. साहेब विचारतात, "काय मुलांनो, जेवण कसं असतं?" पोरे एका सुरात ओरडतात, "चांग-लं!" गुरुजींचा जीव भांड्यात पडतो, साहेब वहीवर सही करतात आणि जीप निघून जाते. शाळेत चवीची नोंदवहीसुद्धा असते. वाढण्याआधी कोणीतरी मोठ्या माणसाने घास चाखून त्या वहीत शेरा लिहायचा. मोठा माणूस चाखणार, मोठा माणूस लिहिणार आणि मोठाच माणूस तपासणार. रोज जे जेवते त्याला त्या वहीत एक ओळ नाही.

म्हणून आपल्या शेजारच्या कर्नाटकातली गोष्ट या बैठकीत सांगावीशी वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने कलबुर्गी, यादगीर, रायचूर, बिदर, कोप्पळ अशा सात मागास जिल्ह्यांत शाळेच्या जेवणात अंडे द्यायला सुरुवात केली. अंडे नको असेल त्याला केळे. हा मुलूख आपल्याला परका नाही. ज्वारी, तूर, कापूस आणि आभाळाकडे लागलेले डोळे तिकडेही तसेच. (गंगावती तेवढे तुंगभद्रेच्या पाण्यावरचे भाताचे गाव.) काही मठाधिपतींनी अंड्याला विरोध केला, आंदोलनाचा इशारा दिला आणि सरकार डगमगते की काय असे दिसू लागले. तेव्हा याच गंगावतीच्या सरकारी शाळेतल्या मुली उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने कॅमेऱ्यासमोर ठणकावून सांगितले की आम्हाला अंडी हवीत. तुम्ही बंद पाडलीत तर तुमच्या मठात येऊन खाऊ, आणि एक नाही, दोन खाऊ. मठाला दक्षिणा आमच्याच घरची जाते, हेही सुनवायला ती विसरली नाही. तिचे बोलणे राज्यभर फिरले. सरकारने अंडे मागे घेतले नाही. २०२२ मध्ये ते सगळ्या जिल्ह्यांत गेले. २०२४ मध्ये अझीम प्रेमजी प्रतिष्ठानने तीन वर्षांसाठी सुमारे १,५०० कोटी रुपये देऊ केले आणि आठवड्याचे सहाही दिवस अंडे देण्याचे ठरले. एका पोरीमुळे हे सगळे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण मोठी माणसे धर्म आणि खर्च यांवर वाद घालत होती, तेव्हा भुकेबद्दल बोलली ती पोरगी.

त्याच राज्यात २००६ पासून गावोगाव मुलांच्या ग्रामसभा घेण्याची पद्धत आहे. पंचायतीचा अधिकारी समोर बसतो आणि पोरे उठून विचारतात: संडासाला पाणी का नाही, जेवणात भाजी का नाही. सगळीकडे ती मनापासून होत असेल असे नाही. आपल्या ग्रामसभा तरी कुठे होतात? पण ज्या पोराने एकदा अधिकाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून प्रश्न विचारला, ते उद्या बाजार समितीत मापाड्यालाही विचारील.

आता आपल्याकडे पाहू. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने ही योजना सुरू केली तेव्हा महिन्याला तीन किलो कोरडे धान्य मिळे. शिजवलेले अन्न द्या, असा हुकूम सुप्रीम कोर्टाने २८ नोव्हेंबर २००१ ला दिला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण पोराचा हक्क झाले. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. धान्य केंद्राचे. डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि सरपण यांसाठी मे २०२५ पासूनचा दर आहे मुलामागे ६ रुपये ७८ पैसे. बाजाराच्या दिवशी आमच्या मायबहिणींनी या पैशात भाजी, डाळ आणि तेल आणून दाखवावे.

हिशोब करून पाहा. १०० ग्रॅम तांदळात आठ ग्रॅमच्या आत प्रथिने, २० ग्रॅम डाळीत साडेचारच्या आसपास. म्हणजे कागदावर बारा ग्रॅम कसेबसे बसतात, तेही डाळ पुरी वीस ग्रॅम पडली तर. वरणात डाळ शोधावी लागली की हिशोब तिथेच मोडला. एका अंड्याने यात सहा ग्रॅमची भर पडते. म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले तेव्हा बरे वाटले होते. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी बंद केला. अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्या, गोड पदार्थाला साखर हवी तर तीही गावातून गोळा करा, असे शाळांना सांगितले. लोकसहभाग म्हणजे कोण? तुम्ही आणि आम्हीच. कपाशी भावाविना विकायची आणि वर शाळेला वर्गणी द्यायची.

आणि ज्वारी? २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले. दिल्लीने ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' अशी पदवी दिली. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३,६९९ रुपये. बाजारात तो मिळाला का, ते ज्याने माल नेला त्याने सांगावे. १०० ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅम प्रथिने आणि चार मिलिग्रॅम लोह असते, पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नाही. शाळेच्या योजनेत भरडधान्याला मनाई नाही. तरी ज्वारीच्या मुलखातल्या शाळेत पोराच्या ताटात रोज गोदामातला तांदूळच पडतो, कारण गोदामात तांदूळ आहे.

यात आपलाही दोष आहे. ज्वारी मोडून आपण सोयाबीन पेरले, कडब्यासाठी रडत बसलो आणि घरात भाकरीच्या जागी रेशनच्या गव्हाची पोळी आणली. पोरांना ज्वारी आवडेल असे आपण गृहीत धरू नये. शंभर पोरांच्या भाकरी दोन स्वयंपाकी बायांनी तुटपुंज्या मानधनात थापाव्या, असेही कोणी सुचवू नये. कण्या शिजवता येतात, घुगऱ्या होतात, उकडपेंडी होते. कर्नाटकात नाचणी, बाजरी आणि सावा वर्गातल्या धान्याची इडली, उपमा, खिचडी करून सुमारे दीड हजार मुलांना तीन महिने खाऊ घातली. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. भात खाणाऱ्यांपेक्षा त्या मुलांची वाढ चांगली झाली आणि चवही त्यांना पसंत पडली. त्यात ज्वारी नव्हती. ज्वारीचे आपल्या पोरांनाच विचारावे लागेल.

आमचे काही जुने सहकारी म्हणतील, घामाचे दाम मिळाले तर आईच डबा भरून देईल, सरकारच्या खिचडीचे गाऱ्हाणे कशाला? त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. पण दाम मिळेपर्यंत पोर चौथीतून आठवीत जाते, आणि त्या चार वर्षांत बुडालेले हाडामांस पुढे कोणत्याही हमीभावाने भरून येत नाही.

तेव्हा या बैठकीत एवढे ठरवू. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सभासद पालक असतात. तिथे आपण सहीपुरते जातो, आता बसायला जायचे. पुढच्या ग्रामसभेआधी बालसभा लावायला सरपंचाला सांगायचे. तसे करण्याच्या सूचना सरकारच्याच आहेत. गुरुजी आणि गावकारभारी थोडे बाजूला बसतील आणि पोरे बोलतील: काय खाल्ले, काय टाकून दिले, किती दिवस भाजी नव्हती, कण्या चालतील का, अंडे हवे का. ते जसे बोलतील तसे, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच अक्षरात लिहून घ्यायचे. आपण दुरुस्त करायचे नाही. मग त्यातली दोन पोरे आणि दोन पोरी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत न्यायची. बोलायचे त्यांनीच, आपण दारात उभे राहायचे. एकही पोर परतल्यावर शाळेत रागावले जाणार नाही, याची जबाबदारी त्या गावच्या शाखेची.

कागदांची एक प्रत पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. प्रत्येक तालुक्याला दहा मिनिटे राखून ठेवली आहेत.