पदवी झटपट नको, मान्यतेची हवी

लातुरात दुकानाचे हिशेब लिहीत किंवा नांदेडात पार्सले पोहोचवत शिकणाऱ्यांना स्वस्त ऑनलाइन पदवी हवी असते, आणि ती घ्यावीच. तिला किंमत नाही, हा आक्षेप टिकत नाही. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन वा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र ‘वर्षभरात बी.कॉम.’ सांगणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. वय निघून जाते, ही भीती खरी. पण कमावत शिकणाऱ्याची तीन वर्षे वाया जात नाहीत, बोगस कागदावर गेलेले पैसे आणि उमेद मात्र परत मिळत नाहीत. म्हणून फी भरण्याआधी आयोगाच्या यादीत विद्यापीठासोबत तो अभ्यासक्रमही आहे का, हे तपासा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारखा १९८९ पासूनचा सरकारी पर्याय आधी पाहा.